उदेसिंग सरांचं 'बरं'

उदेसिंग सरांचा इंग्रजी संभाषणाचा वर्ग धडगावात भंवरलालच्या कापडदुकानावरच्या माडीत भरायचा. सरांचं इंग्रजी चांगलं होतं. नशीब मात्र मराठी माध्यमाचं. खाली सपाटीवरच्या एका इंग्रजी शाळेत त्यांनी तीनदा मुलाखत दिली होती आणि तीनदा हात हलवत घाट चढून परत आले होते. चौथी मुलाखत परवाच झाली, आज निकालाचा फोन यायचा होता. या वेळी नोकरी पक्की, असं त्यांनी बायकोला सांगून टाकलं होतं, आणि सांगितल्याचा आता पस्तावा होत होता.

अशा दिवशी पाठ कोणता निघावा, तर निराशा कशी बोलून दाखवावी! फळ्यावर 'आय वॉज होपिंग' एवढं लिहून सरांनी पुढचं वाक्य पुरं करायला सांगितलं. बाराच्या बारा जणांनी वह्यांत डोकी घातली. शेवटी अंगणवाडी चालवणाऱ्या रमिलाबाई म्हणाल्या, की आमच्या पाड्यावर असं बोलतच नाहीत. जीप भरून निघून गेली तर 'बरं' म्हणायचं आणि दुसरी येईपर्यंत दगडावर बसायचं. आपल्याला आशा होती हे जीपवाल्याला कशाला सांगायचं?

सर पेटले. या 'बरं'नेच आपला घात केला, मन मोडलं तर मोडणाऱ्याला ते कळलं पाहिजे, आवाज न चढवता पण मान ताठ ठेवून, असं त्यांनी पाऊण तास ऐकवलं. स्वतःच्या बोलण्यावर ते इतके खूश झाले की पाणी प्यायचंही विसरले.

तेवढ्यात फोन वाजला. माडीत रेंज फक्त खिडकीपाशी, तीही फोन चौकटीत उभा ठेवला तरच टिकायची. म्हणून स्पीकर लावावा लागे. त्यामुळे शाळेच्या सचिवांचं बोलणं अख्ख्या वर्गाने ऐकलं. जागा दुसऱ्या उमेदवाराला दिली होती.

"बरं, सर," उदेसिंग सर म्हणाले. "काही हरकत नाही, सर. आभारी आहे, सर."

शिवाय खिडकीपुढे कमरेत वाकूनही झालं. फोन ठेवून वळले तर बारा जण त्यांच्याकडे बघत होते. कोणी हसलं असतं तर सोपं गेलं असतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण सरांना आठवली. तिचं इंग्रजी आठवेना.

"सर," रमिलाबाई हळूच म्हणाल्या, "जीप अजून लांब गेली नसेल."

सरांनी घाम पुसला आणि फोन परत लावला. फळ्याकडे बघत, परीक्षेला बसल्यासारखे, ते वाचू लागले. "सर, आय वॉज होपिंग..." पुढे इंग्रजीने दगा दिला. सचिव वाट बघत होते.

"मला वाटलं होतं, या वेळी तुम्ही मला घ्याल," सर मराठीत म्हणाले. "फार वाईट वाटलं, सर."



"बरं," सचिव म्हणाले, आणि फोन बंद झाला.

नोकरी गेली ती गेलीच. बायकोला तोंड दाखवायचं अजून बाकी होतं. सरांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवलंही नाही. वहीचं कोरं पान उघडून रमिलाबाई म्हणाल्या, आता हेच इंग्रजीत सांगा सर, हे मला लागणार आहे.