पहिल्यांदा हात लावणारी

“पाहुण्यांना वाटलं पाहिजे, तुम्ही आजच पहिल्यांदा या टेबलाला हात लावताय,” प्रयोगशाळेचे सर हॅलोताईंना म्हणाले. “डोळ्यांत जरा पाणी आलं, तर सोन्याहून पिवळं.”

हॅलोताईंना जन्मापासून दृष्टी नव्हती. उभी नोकरी टेलिफोनच्या बोर्डावर गेली, म्हणून हे नाव चिकटलेलं. निवृत्तीनंतर वर्षभर त्या या प्रयोगशाळेत येत होत्या. इथल्या टेबलाचा पृष्ठभाग म्हणजे बारीक खुंट्यांचं रान. संगणकाचा हुकूम सुटला की खुंट्या वरखाली होत आणि हाताखाली कधी इमारत उभी राही, कधी रस्ता. सुरुवातीला त्या अशा उसळत की बोटं सोलून निघत. कुठे टोचतं ते हॅलोताई सांगत, संशोधन करणारी मुलगी वेग बदले, पुन्हा हात ठेवायचा. असं करत टेबल माणसाळलं. एकदा मुलीने त्यांचीच गल्ली उमटवली. आपलं घर वळणावर आहे, हे त्यांना उतारवयात कळलं. तेव्हा डोळ्यांत पाणी आलंही होतं. पण ते काही कोणाला दाखवायला नव्हतं.

पाहुणे आले. अंधत्वाचा अनुभव म्हणून सरांनी त्यांच्या डोळ्यांवर काळ्या पट्ट्या बांधल्या. मंडळी एकमेकांवर आदळत हसू लागली. त्या हसण्यात कोणीतरी म्हणालं, असं जगण्यापेक्षा मेलेलं बरं.

पट्ट्या सुटल्या. सरांनी हॅलोताईंना दंडाला धरून, लहान मुलाला चालवावं तसं टेबलापाशी आणलं. आता या आजी आयुष्यात पहिल्यांदाच नकाशा बघणार, असं जाहीर केलं. हाताखाली रस्ता उठू लागला. त्यांनी हात उचलून घेतला.

“हे खोटं आहे,” त्या बोर्डावरच्या स्वच्छ आवाजात म्हणाल्या. “मी वर्षभर येतेय. या टेबलावर माझी बोटं सोलली आहेत. आणि मघाशी जे कोणी मरणाचं बोलले, त्यांना सांगते, मी मजेत जगतेय.”

बाई विनोदी आहेत, असं म्हणत सर एकटेच हसले आणि पाहुण्यांना चहाकडे घेऊन गेले.

त्यानंतर बोलावणं आलं नाही. काही दिवसांनी प्रयोगशाळेतली ती मुलगीच घरी आली. बराच वेळ ती इकडचं तिकडचं बोलत राहिली.

“सर दुसऱ्या बाई आणताहेत,” शेवटी ती म्हणाली. “जरा ऐकणाऱ्या.”

हॅलोताईंना वाटलं, उठावं आणि त्या माणसाला चार शब्द सुनवून यावं. पण त्यांच्या मनात त्या न भेटलेल्या बाईची बोटंच येत राहिली.

“तिला सांग,” त्या म्हणाल्या, “डावीकडचा कोपरा अजून टोचतो. तिथे हात असा ठेवायचा.”

त्यांनी मुलीचा तळवा ओढून घेतला आणि त्यावर आपली बोटं टेकवली. जेमतेम लागतील, एवढीच.