पाठमोरा

टेका हो त्या बाकावर. मुरबाडची गाडी आत्ताच गेली, दुसरी यायला वेळ आहे, आणि फाट्याकडं डोळे लावून बसलात म्हणून ती काही लवकर येणार नाही. तोवर तुम्हाला एका माणसाच्या पाठीची गोष्ट सांगतो. हसू नका. तोंडापायी घरं मोडलेली तुम्ही खूप पाहिली असतील. पाठीपायी एक घर कसं मोडता मोडता राहिलं ते ऐका.

तर आमच्या शेणव्याचा भगीरथ गोजर जीवनच्या गॅरेजपुढं उभा होता, आणि जीवनला सांगत होता, "जरा पाठ कर."

जीवन पंक्चर काढत होता. ट्यूब पाण्याच्या घमेल्यात दाबून बुडबुडा कुठं येतो ते बघत होता. त्यानं मान वर केली. "काय, दादा?"

"पाठ कर बोललो. तिकडं तोंड कर."

"कशाला? सुई टोचायची हाय का?"

"तू कर ना रे!"

जीवन बिचारा उठला, ओले हात पँटीला पुसले आणि वळला. भगीरथनं उजव्या हातानं खिशातून फोन काढला. एकदा फोनात बघतो, एकदा जीवनच्या पाठीकडं बघतो.

"आता गाडीवर बसल्यावानी बस."

"दादा, सदरा शिवताय का मला?"

"बस बोललो ना."

जीवन हँडल धरल्यासारखे हात करून उकिडवा बसला. शेजारच्या टपरीवरची माणसं चहा प्यायची थांबली. भगीरथनं डोळे बारीक केले, मान हलवली आणि पाय ओढत निघून गेला. पटलं का नाही पटलं, कुणाला कळलं नाही. त्याला स्वतःलाही कळलं नव्हतं.

आता मूळ सांगतो. हा भगीरथ भातसानगरला पाण्याच्या पंपावर कामाला होता. गडी असा, की दोघांना न फिरणारा व्हॉल्व्ह हा एकटा फिरवायचा आणि वर विडी पेटवायचा. मग एका सकाळी अंगावरून वारं गेलं. डावी बाजू लुळी पडली. औषधपाण्यानं पाय आला, हात अर्धाच आला, आणि काम गेलं ते गेलंच. अंगावरचं मांस असं उतरलं, की जुने सदरे खुंटीला टांगल्यासारखे दिसायला लागले. डोक्याचं निम्मं रान साफ झालं.

घरात एक स्कूटी होती, ह्याच्या नावावर. ती आता चालवणार कोण? बायको प्रेमा आशाताई आहे. पाड्यापाड्यावर फिरायचं, कुणाचं पोर तोलायचं, कुठल्या बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचं. ती म्हणाली, मी शिकते. शिकवली कुणी? जीवननं. शाळेच्या पटांगणात ती गाडीवर आणि हा मागचा कॅरियर धरून धावतोय. भगीरथ ओटीवर बसून बघायचा. एकदा गाडी कलंडली, प्रेमानं जीवनचा दंड धरला आणि दोघं खो खो हसली. बास. त्या हसण्याचं कुसळ भगीरथच्या डोळ्यात गेलं ते काही निघालं नाही.

पुढं तर काय, प्रेमा गाडी चालवणार आणि हा मागं बसणार. नाक्यावरची पोरं ओरडायची, "काय दादा, डबलशीट!" हा मागची दांडी उजव्या हातानं धरून बसायचा, प्रेमाला बोट लावायचा नाही. प्रेमा म्हणायची, "धरून बसा ओ, पडाल." हा म्हणायचा, "पडलो तर पडलो."

अशात त्याच्या फोनावर मेसेज आला. तुमच्या गाडीची केस कोर्टात आहे, लोकअदालतीत या, मिटवून टाका. खाली केसचा नंबर, जानेवारीतली तारीख, जागा मुरबाड. त्याच्या खाली निळ्या अक्षरांची ओळ होती, ती दाबल्यावर फोटो उघडला.

फोटो मागून काढलेला. गाडीचा नंबर ठसठशीत. मागं बाई बसलेली, आणि ती प्रेमाच. अंबाडा तिचा, मानेचा बाक तिचा. लग्नाची बायको, चुकणार कसा? पण पुढं एक गडी. रुंद पाठ, मानेवर दाट केस, तट्ट बसलेला. हेल्मेट दोघांनाही नाही. प्रेमाचा हात त्याच्या खांद्यावर. आणि तिनं तोंड पुढं नेऊन त्याच्या कानाशी लावलेलं. काहीतरी सांगतेय.

सदरा निळा का काळा तेसुद्धा त्या फोटोत कळत नव्हतं. कोपऱ्यात बारीक आकडे होते, ते फोनाच्या फुटक्या काचेनं खाल्ले होते. पण मेसेजातली तारीख तर लख्ख होती.

जळायला लाकूडफाटा लागतो म्हणतात. भगीरथला ते कान पुरले. हात ठेवला तर ठेवला, खड्ड्यात कुणी पण ठेवतं. पण कानाला तोंड? ती काय सांगत असेल? असं काय होतं, जे घरी येऊन नवऱ्याला सांगायचं सोडून रस्त्यात ह्या बैलाला सांगायचं?

संध्याकाळी प्रेमा भाकऱ्या थापत होती. हा चुलीशी जाऊन बसला.

"तू मागं म्हायेरी गेलतीस ना गो, आईला बरं नवतं तवा?"

"उंबरमाळीला? गेलते की."

"गाडी घेऊन?"

"येडे काय! तिकडं रानातनं गाडी कोन नेईल? ट्रेननं गेले. गाडी जीवनच्या गॅरेजला ठेवलीती. का ओ?"

"काय नाय."

काय नाय म्हणाला, आणि मनात हिशेब मांडला. महिना तोच, दिवस तेच. उंबरमाळी कसाऱ्याकडं, मुरबाड पार दुसऱ्या अंगाला. बाई सांगते उंबरमाळी, फोटो सांगतो मुरबाड, आणि गाडी कुठं, तर जीवनकडं!

माणसं माणसांची तोंडं बघतात, हा त्या दिवसापासून पाठी बघत सुटला. दळणाच्या रांगेत पाठी, देवळात पाठी, बाजारात एका कांदेवाल्याच्या मागं इतका वेळ उभा राहिला, की त्यानं पिशवी छातीशी धरली. जीवनची पाठ तर त्यानं मघाशी सांगितलं तशी उकिडवी बसवून बघितली. रुंद होती, पण तशी नव्हती. मग तो म्हणाला, कोर्टातच जातो. पोलीस गाडी पकडतो तेव्हा पहिलं नाव विचारतो. कोर्टाच्या दप्तरात त्या गड्याचं नाव असणारच.

प्रेमाला सांगितलं, हाताच्या मालिशवाल्याकडं जातो. "मी सोडते," ती म्हणाली. "नको, मी काय पोर नाय," म्हणून तरातरा एसटीत चढला. एका हातानं चढायला त्याला वेळ लागतो, कंडक्टर थांबला, तोही राग त्यानं प्रेमाच्याच खात्यावर टाकला.

शहापूरच्या कोर्टात खिडकीवरच्या माणसानं नंबर बघितला आणि म्हणाला, "मामा, ही केस आमच्याकडं नाही. मुरबाडची आहे."

"गाडी शेणव्याची, मालक शेणव्याचा. मी मुरबाडला कशाला जाऊ?"

"गाडी कुठली का असेना. शिट्टी जिथं वाजली तिथलं कोर्ट. आज लोकअदालत आहे, लगेच निघालात तर गाठाल."

"बरं तुमी बघून सांगा ना, कोन होता तो गाडीवर?"

"ते मला कुठनं दिसणार? तिकडंच विचारा."

म्हणजे आलेल्या वाटेनं परत शेणवा, आणि शेणव्यावरून पुढं मुरबाड. स्वतःच्या घरावरून एसटीनं जाताना भगीरथनं मान फिरवून घेतली. प्रेमा अंगणात दिसली असती तर उतरला असता, आणि काय बोलला असता देव जाणे.

मुरबाडच्या कोर्टात ही गर्दी. हेल्मेटवाले, ट्रिपलशीटवाले, लायसन नसलेले, सगळे आपापला फोन हातात धरून उभे. एका टेबलावर योगिनी मॅडम बसल्या होत्या. भगीरथची पाळी आली. त्यांनी गाडीचा नंबर कॉम्प्युटरात टाकला.

"भगीरथ मंगळू गोजर. हेल्मेट नाही. मिटवून टाकायचंय ना?"

"मिटवू मंग. आदी नाव सांगा."

"तुमचंच नाव वाचलं ना आता."

"माजं नको. त्याचं. गाडी चालवतो त्याचं."

"चालवणाऱ्याचं नाव यात नसतं, मामा. फोटो काढला, नंबर दिसला, नोटीस मालकाला. मालक तुम्ही."

"मालक मी, पन बसलाय दुसराच!"

"कोण?"

"तेच तर इचारतोय तुमाला!"

मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. कुणी म्हणालं, "चाचा का मामला अलग है." भगीरथचे कान लाल झाले. योगिनी मॅडमनी त्याच्याकडं बघितलं, मग मागं बघून जरा दरडावलं, आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "बसा. तुम्ही कुठं होतात त्या दिवशी?"

"घरी. मला गाडी कुठं चालवता येते? हा हात बघा. ती उंबरमाळीला गेल्ये बोलली नि गाडी गॅरेजला. ही बघा तारीख."

मॅडमनी त्याचा फोन घेतला. मेसेज वाचला. "ही तारीख? मामा, ही केस कोर्टात दाखल झाली त्याची तारीख आहे. दंड कुणी भरला नाही, की चलान तसंच पडून राहतं आणि मग कधीतरी कोर्टात येतं. गाडी पकडली ती तारीख वेगळी असते. ही बघा."

त्यांनी पडदा त्याच्याकडं वळवला. भगीरथनं तारीख वाचली, परत वाचली. जानेवारीच होता, पण पार मागचा. अंगावरून वारं जायच्या आधीचा.

"ह्या टायमाला तर..." तो थांबला. "ह्या टायमाला मुरबाडकडं म्हशाची जत्रा असते."

"मग? तेव्हा गाडी कोण चालवायचं?"

मॅडमनी फोटो मोठा केला. आख्खा पडदा भरून ती पाठ समोर आली. भगीरथनं तिच्याकडं बघितलं. खांदे बघितले. मान बघितली. आता तुम्हीच सांगा, आपली पाठ आपण कधी बघितलेली असते? त्याच्या घरातला आरसा तळहाताएवढा, मेढीला टांगलेला, दाढीपुरता. त्या माणसाला आपलं तोंडसुद्धा कधी एका वेळी सगळं दिसलेलं नाही.

"मी हाय हा," तो म्हणाला.

"नक्की?"

"येवढा रुंद होतो मी?"

मॅडमनी त्याचं नाव आत साहेबांकडं जायच्या यादीत लिहिलं. भगीरथला वाटलं आता छातीवरचा धोंडा उतरेल. उतरला, पण त्याच्या खाली दुसराच निघाला. इतके दिवस ज्याला मनातल्या मनात आईमाईवरून शिव्या घातल्या, त्याचा हेवा काही जाईना. कसा बसलाय बघ ऐटीत. दोन्ही हातांनी हँडल धरलंय. बायको मागून कानात सांगतेय आणि ह्याला मान वळवायचीसुद्धा गरज वाटत नाही!

आत साहेबांपुढं उभं केलं. कारकुनानं विचारलं, "गुन्हा कबूल आहे?"

"कबूल! कबूल साहेब. गाडी मीच चालवत होतो."

"ठीक आहे. दंड भरा, पावती घ्या."

"तसं लिवा त्यात. चालवनारा भगीरथ मंगळू गोजर."

"मालक म्हणून तुमचं नाव आहेच, आजोबा."

"मालक नाय. चालवनारा. ते वायलं."

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. लोक कोर्टात येऊन मी नव्हतो, माझी गाडी नव्हती म्हणून रडतात, आणि हा गडी गुन्हा अंगाला लावून घ्यायला धडपडतोय. कारकुनाला म्हणाले, "लिहा. काय बिघडतं?"

परतीच्या एसटीतून शेणव्याला उतरला तर प्रेमा फाट्यावर स्कूटी घेऊन उभी. चेहरा उतरलेला. "मालिशवाला काय मुरबाडला गेला राहायला? मघाशी एसटीत बघितला मी तुमाला, तोंड फिरवून बसलेला."

भगीरथनं फोन तिच्या हातात दिला. तिनं फोटो बघितला आणि तिचा चेहरा एकदम उजळला.

"अगो बाय, ही तर म्हशाची जत्रा! तवा घोंगडी घेतलीती आपन."

"कानात काय बोलत होतीस?"

"काय बोलनार? फुडं पोलीस हाय, गल्लीतनं घ्या बोलले. तुमी कवा ऐकलात माजं!"

भगीरथ हसला. प्रेमा पण हसली, आणि हसता हसता थांबली. तिनं वर बघितलं. "तुमाला काय वाटलं, काय बोलत होते? कोनाला?"

त्यानं उजव्या हातानं स्कूटीच्या सीटवरची धूळ झटकली.

"म्हंजे जीवन बोलला ते खरं. 'माजी पाठ बघून गेला तुजा नवरा,' बोलला तो, मी बोलले डोकं फिरलंय का तुजं." तिनं किल्ली फिरवली. "बसा."

घरापर्यंत तिनं एकही खड्डा चुकवला नाही. रात्री ताट वाढलं, तेही जरा आपटूनच. सकाळी एवढंच म्हणाली, "जीवनला जेवायला बोलवा. कोंबडी तुमी आना." त्यानं आणली. जीवन जेवायला आला आणि येताच पाठ करून बसला, म्हणाला, "दादा, आता निवांत बघा." तेव्हा कुठं प्रेमा हसली.

पण गोष्ट इथं संपत नाही. प्रेमानं तो फोटो शहापूरला मोठा करून आणला आणि भिंतीला लावला, नंबर प्लेटसकट. त्या दोघांचा एकत्र फोटो दुसरा नाहीच. काम करता करता ती त्याच्यापुढं थांबते, पदरानं काच पुसते, बघत राहते. आणि भगीरथ ओटीवरून तिला बघत असतो. एकदा न राहवून म्हणाला, "किती बघशील त्याला? मी हितं बसलोय ना."

आता तुमची गाडी येईल. तुम्ही पुढं भगीरथच्याच घरावरून जाणार, कधी उतरून पाणी प्यायला थांबलात तर ती भिंत समोरच दिसेल. एक काम करा माझं. येणारा-जाणारा जो तो फोटो बघून विचारतो, पुढं बसलाय तो गडी कोण? तुम्ही तेवढं विचारू नका. सरळ म्हणा, भगीरथदादा, तुमचा फोटो झ्याक आलाय.