हंसातला मेघ आणि काचेवरचे कुंकू

डबीत पाच खाचा होत्या. तीन रिकाम्या, चौथीत ओल शोषणारी पुडी आणि पाचवीत मी. मित्रांनो, मी एक जुना फिल्टर आहे. दुर्बीण आणि कॅमेरा यांच्या मधोमध माझी जागा असते.

माझा जन्म निर्वात पेटीत झाला. तिथे माझ्या काचेवर अतिशय पातळ थर चढवले गेले. रस्त्यावरचे दिवे आणि चंद्र यांच्या उजेडात पुष्कळ रंग मिसळलेले असतात. आकाशातले हायड्रोजनचे मेघ मात्र मुख्यतः एकाच गडद तांबड्या रंगात चमकतात. तेवढा रंग मी आत सोडतो आणि बाकीचे परत पाठवतो. म्हणून चांदण्यातही त्या मेघांचा फोटो निघतो. दीर्घिकांचा फोटो मात्र मला जमत नाही.

सावनीने मला हुबळीला आणले तेव्हा ती बीएस्सीला होती. तिच्या केशवापूरच्या घराच्या गच्चीवर आम्ही खूप काम केले. तिच्या मैत्रिणी मला 'जादूची काच' म्हणत. पुढे ती एमएस्सीसाठी धारवाडला जाऊ लागली आणि मी कपाटात गेलो.

यंदा तिचे आजोबा, श्रीहरी अप्पा, यांनी माझी आठवण काढली. ते निवृत्त विज्ञानशिक्षक. त्यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली होती. डाव्याचे ऑपरेशन दसऱ्यानंतर ठरले होते, आणि डॉक्टर खात्री देत नव्हते.

"हंस तारकासमूहातला तो मेघ मी आयुष्यभर फळ्यावर काढला," ते सावनीला म्हणाले. "खरा एकदा दाखव गं. खडूचा पुरे, साकू!" हुबळीच्या सवयीने त्यांनी 'पुरे' कन्नडमध्येही म्हटले.

महिनाभर ढग होते. खंडेनवमीला संध्याकाळी आकाश उघडले. चंद्र वर होता, म्हणजे काम माझेच होते.

पण त्या सकाळी कृष्णाबाई आजींनी घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा केली होती. विळी, कात्री, अप्पांची स्कूटर, दुर्बीण. मलाही डबीतून काढून त्यांनी काचेच्या बरोबर मधोमध ओल्या कुंकवाचे बोट लावले. इतक्या मानाने मला कोणी वागवले नव्हते, आणि मी आंधळा झालो होतो.

सावनीने मला पाहिले आणि तिचा चेहरा उतरला. आजी पदर घेऊन पुढे आल्या.

"थांब आज्जी! घासू नको, ओरखडे पडतील!"

"अय्य, मग हत्याराला कुंकू लावायचंच नाही?"

"लाव ना. कडेला लाव, काचेला नको."

"कॉलेजात शिकून देवाला कडेला बसवलंस होय?" आजी म्हणाल्या. अप्पा हसले. आजीही हसल्या.

सावनीने आधी रबरी पंप दाबून सुटे कण उडवले. मग काच पुसायचा द्रव थेंब थेंब सोडला आणि न दाबता कापसाने टिपत राहिली. बराच वेळ गेला. शेवटी आजींनी काचेभोवतीच्या माझ्या धातूच्या कडीला कुंकवाचे नवे बोट लावले आणि सावनीने मला दुर्बिणीवर चढवले.

लॅपटॉपच्या पडद्यावर तांबडा मेघ हळूहळू उमटला. अप्पा अगदी जवळ वाकले. त्यांनी मोजपट्टी मागवली, मेघावर धरली आणि म्हणाले, "आकडे तूच वाच गं."

"अकरा सेंटिमीटर, अप्पा. वर थोडं."

मित्रांनो, काच कोरडी ठेवा, कोरडी घासू नका, आणि प्रेमाने कुंकू लावायचे तर कडीला लावा. मी तेवढेच मागतो.

ऑपरेशननंतर डोळ्यावरची पट्टी सुटली तेव्हा सावनीने पडद्यावर होता तेवढ्याच मापाचा छापील फोटो अप्पांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी पुन्हा मोजपट्टी धरली आणि स्वतःच वाचले: अकरा सेंटिमीटर, चार मिलिमीटर.