रविनाच्या वाट्याचा ओरडा

वेखंडे सरांचा आवाज म्हणजे काय विचारता! शाळेमागच्या खाचरात त्यांनी तोंड उघडलं की किन्हवलीच्या एस्टी स्टँडवरची माणसं वळून बघायची. आणि दोन हजार पाचच्या त्या हिवाळ्यात सरांच्या तोंडी एकच नाव असायचं.

"रविने! गाढवे! बॉल पायाशी आला की त्याची आरती ओवाळायची असते काय?"

सुरुवातीला अक्षदाला याचा भारी आनंद व्हायचा. का नाही होणार? ती मुलींच्या फुटबॉल टीमची कॅप्टन. भातकापणी झाली की सर धसकटं काढून त्या खाचराचं मैदान करायचे, तेव्हा पहिलं धसकट उपटायला हीच हजर. आणि ही रविना कोण? मुरबाडकडची, सिद्धगडाच्या पायथ्याच्या गावातली. तिकडे वरच्या इयत्ता नाहीत म्हणून मावशीकडे शिकायला आली आणि दिवाळी संपताच टीममध्ये घुसली. बूट घातले की बदकासारखी चालायची. पण अनवाणी सोडा तिला! बांधावरून उड्या मारत अशी सुटायची की बॉल आणि ती एकाच आईची लेकरं वाटावीत.

सरांनी दोघींची जोडी लावली. अक्षदाने पास द्यायचा, रविनाने गोल मारायचा. गोल हुकला की रविनाच्या नावाने शंख. अक्षदाला मात्र एकच शब्द, "छान."

"तुझी मजा हाये गो," गोलमध्ये उभी असणारी रेश्मा म्हणाली. ती अक्षदाची जिवाची मैत्रीण. "सर तुला कदी बोलत म्हणून नाय. त्या रविनीला बघ, नुसती सोलतात."

"बोलायला आधी चूक करायला लागते," अक्षदाने मान उडवली.

ही मान रविवारी खाली आली.

अक्षदाचे बाबा, कुंडलिक, पेंढ्याची गाडी घेऊन घरी येत होते. जुवाला एका बाजूला जुना बैल मोरा, दुसऱ्या बाजूला यंदाच जुंपलेला गोऱ्हा चांद्या. चांद्या कधी कुंपणाकडे ओढायचा, कधी वाटेतच फतकल मारायचा, आणि बाबा त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. अक्षदा पेंढ्यावर बसून पाय हलवत होती.

"बाबा, सारकं चांद्यालाच काय वरडता? मोरा पण थांबलाय की."

"मोऱ्याला काय बोलायचं? त्यो झाला तेवडा झाला. आता त्याचं काम एकच, पोराला संगं घेऊन सरळ चालायचं." बाबांनी चांद्याच्या पाठीवर थाप मारली. "ज्याच्याकडून काय व्हायचं बाकी हाये, त्यालाच वरडायचं असतं, बाय."

मोऱ्याने शांतपणे शेपटी हलवली. अक्षदाचे हलणारे पाय थांबले.

जोडी. सरळ चालायचं. छान.

म्हणजे चौदाव्या वर्षीच आपण म्हातारा बैल!

झालं, त्या दिवसापासून तिच्या अंगाचा जो तिळपापड झाला तो काही केल्या थांबेना. सर रविनाला "गाढवे" म्हणाले की हिला वाटे, मला का नाही गाढव म्हणत? "आळशे" म्हणाले की हिच्या छातीत कळ. एकदा सरांनी खाली बसून स्वतःच्या हाताने रविनाच्या बुटांत कापडाचे बोळे कोंबले, नाडी आवळली आणि वर डोक्यात टपली मारली. ती टपली बघून अक्षदाला डब्यातली भाकरी गिळवेना. टपलीसाठी कुणी जळतं का? अक्षदा जळत होती. चुलीतल्या ओल्या लाकडासारखी, धूर काढत.

शेवटी तिने ठरवलं, चूक करायचीच. आणि करायची तर चांगली घसघशीत.

दुसऱ्या दिवशी रविना समोर मोकळी असताना तिने बॉल असा भिरकावला की तो कुंपण ओलांडून सकुबाईच्या उकिरड्यात जाऊन बसला. सकुबाईने पलीकडून खणखणीत शिवी हासडली. अक्षदा डोळे मिटून उभी राहिली. आता येईल, आता येईल...

"असू दे, बाळा," सर म्हणाले. "दमली असशील. पाणी पी जा." आणि गर्रकन वळून, "रविने! बॉल चालला तिकडे आणि तू काय वरात बघत होतीस? आडवं कोण जाणार, तुझी मावशी?"

बाळा! त्या दिवशी तो बॉल धुताना अक्षदाने पाण्यापेक्षा जास्त दात-ओठ वापरले.

मग सामन्याचा दिवस आला. शहापूरचं मैदान, समोर मुरबाडची टीम. जिंकेल ती ठाण्याला, जिल्ह्याच्या सामन्यांना जाणार. दोन्हीकडे शून्य. वेळ संपत आलेली, घसे बसलेले, आणि बॉल आला तो नेमका अक्षदाच्या पायात.

"अक्षदा! दे गो!" रविना उजवीकडून वाऱ्यासारखी निघाली होती. एकटी, मोकळी. पास दिला की गोल ठरलेला. आणि मग "छान."

मोऱ्याने दिला असता.

अक्षदा वळली. एका मुलीला चकवलं, दुसरीच्या बगलेतून सटकली. समोर गोल आऽ करून उभा! पण बॉल होता डाव्या पायाशी. तो उजव्या पायावर घेता घेता मुरबाडची गोलकीपर धावत आली आणि बॉलवर आडवी पडली.

सगळं मैदान हळहळलं. आणि मग...

"अक्षदेऽऽ! ए म्हशे! डावा पाय काय देवाला वाहिलायस? मारायचा तर तिथंच मारायचा! नायतर ती मोकळी होती, तिला द्यायचा! मधल्यामधे काय लोणचं घालत बसलीस?"

प्रेक्षक खो खो हसले. अक्षदाचे कान तापले, डोळ्यांत पाणी आलं आणि तोंडावर, काय करणार, हसू फुटलं.

"वर दात काढतेस, निर्लज्जे? पळ मागे!"

ती पळाली. अशी पळाली की चांद्यानेही बघत राहावं. पण मुरबाडच्या मुली तिच्याहून पुढे होत्या. त्यांनी शेवटच्या क्षणाला गोल ठोकला आणि ठाणं त्यांचं झालं.

परतीच्या जीपमध्ये रेश्मा मुसमुसत होती. अक्षदाही रडत होती आणि खरंच रडत होती, कारण तो पास तिने दिला असता तर जीपमध्ये आज गाणी चालली असती. हे तिला ठाऊक होतं. रविनालाही ठाऊक होतं.

पुढच्या सीटवरून सर वळले. "अक्षदे, उद्यापासून शाळेआधी मैदानात ये. तो डावा पाय शिकवायचाय. इतके दिवस गुमान पास देत होतीस, मला वाटलं तुला तेवढंच हवंय. गोल पायजे होता तर बोलायचं नाय? तोंड शिवलं होतं? स्वार्थी कार्टी!"

"हो सर," अक्षदा नाक पुसत म्हणाली. एवढा गोड शब्द तिने जन्मात ऐकला नव्हता.

"आणि मी, सर?" रविना पुढे वाकली. "मी पण येऊ? माझं काय चुकलं आज?"

"तुझं?" सरांनी तिच्याकडे बघितलं आणि मायेने हसले. "कायच नाय. तू छान खेळलीस, बाळा."

रविना मागे टेकली. तिचा चेहरा असा उतरला, जणू तिच्या पानातली पोळी कुणी उचलून नेली. अक्षदाला तो चेहरा चांगला ओळखीचा होता. कितीतरी दिवस आरशात तिने तोच पाहिला होता.

तिला वाईट वाटलं. खरंच वाटलं. ती सरकली आणि आपली खिडकीची जागा तिने रविनाला दिली.

पण 'तू पण ये गो उद्या' एवढं मात्र तिच्या तोंडून काही केल्या निघालं नाही.