माझ्या जागेवरचे उघडझाप डोळे

खुळ् खुळ् खुळ्... स्वयंपाकघर अगदी चिडीचूप होतं आणि किटलीचं झाकण तेवढं नाचायला लागलं. माझ्या अंगाची नुसती लाही झाली. मित्रांनो, झाकण हा शब्दच मला त्या दिवसांत सहन होत नव्हता. का, ते सांगते.

मी एका जुन्या निळ्या गाडीची गोल बत्ती आहे. पुढच्या दोघींतली उजवी. इस्सिक-कुल सरोवराकाठच्या आमच्या गावातून खिंडीतल्या रस्त्याने राजधानीला एर्मेक उतारू नेतो-आणतो, आणि त्याला वाट दाखवायची आम्हा बहिणींनी. धुकं, बर्फ, रस्त्यात फतकल मारून बसलेल्या मेंढ्या, सगळं आधी मी बघायचे, मग तो. त्याची मुलगी बेगिमाई रोज सकाळी बाहीने आमच्या काचा पुसायची. माझी आधी, बहिणीची नंतर. हे मी मुद्दाम सांगते आहे.

मग एर्मेकला वेड लागलं. राजधानीत त्याने एक बसकी गाडी पाहिली. तिचे डोळे दिवसा झाकणाखाली मिटलेले, आणि कळ दाबली की टुणकन वर! झालं. दर फेरीला तो सुट्या भागांच्या बाजारात, लोखंडी कंटेनरांच्या रांगांतून हिंडायला लागला. एका जपानी गाडीच्या सांगाड्यातून चौकटीसकट दिवे मिळाले. झाकणं त्याने मोडक्या फ्रीजच्या दारातून कापली आणि ठोकून ठोकून वळवली. ती उचलायला वायपरच्या मोटरी हव्या होत्या. डावीकडची मिळाली, उजवीकडची काही केल्या मिळेना. अख्खा हिवाळा माझी जागा त्या एका मोटरीवर तगून होती! न मिळो, न मिळो, असं मी घोकत राहायचे. पण वसंतात राजधानीहून येणाऱ्या एका बसवाल्याने ती आणलीच, टॉवेलात गुंडाळून, तान्ह्या बाळासारखी.

खरंखुरं तान्हं बाळही त्याच सुमारास घरात आलं. बेगिमाईचा भाऊ.

आम्हा बहिणींना उपटून काढलं, तेव्हा एर्मेकची बायको जिल्दिझ म्हणाली, "फेकू नका हो, लागतील कशाला तरी." तिने आम्हाला स्वयंपाकघराच्या खिडकीत, कांद्यांच्या टोपलीशेजारी ठेवलं. तिथून मला अंगण दिसायचं. नसतं दिसलं तर बरं झालं असतं.

आमच्याकडे नवी नवरी असो की बाळ, पहिल्यांदा तोंड बघायचं तर रिकाम्या हाताने चालत नाही. लोक बाळाला बघायला यायचे, कुणी टोपडं आणायचं, कुणी मिठाई, आणि जाताना गाडीपाशी थबकायचे. शेजारचे ट्रकवाले सापार बाइके, म्हणजे अख्ख्या गल्लीचे थोरले भाऊ, ओरडले, "एर्मेक, तुझ्या नवरीचा पदर उचल की! हा घे चहाचा पुडा." खर्रर्र करत झाकणं वर गेली आणि टाळ्या पडल्या. मला बघायला कधी कुणी साखरेचा खडासुद्धा आणला नव्हता.

एका दुपारी बेगिमाई खिडकीशी आली. "तुलाही काढून टाकलं?" तिने विचारलं. "आईच्या मांडीवर आता सारखा तोच असतो." तिने माझी काच पुसली. बाही आधीच ओली होती. आम्ही दोघी मग गुपचूप टाळ्या ऐकत बसलो.

आणि मग तो किटलीचा दिवस. झाकण नाचतंय तोच दार धाडकन उघडून सापार बाइके आत आले. मागोमाग मान खाली घालून एर्मेक.

"जिल्दिझ पोरी, चहा राहू दे. आधी माझा पुडा परत दे!"

"अगंबाई, बाइके! कपडे कसे हे? गवताने माखलेत."

"ह्याच्या नवरीची कृपा. काल तिन्हीसांजेला खिंडीत समोरून आली, ती थेट माझ्या डोळ्यांत डोळे घालून. मला काही दिसेना. ट्रक चरात आणि गवत रस्त्यावर!"

"पण बाइके, उजेड झकास आहे हो..." एर्मेक पुटपुटला.

"झकास? अरे, जपानात गाड्या डावीकडून चालतात. त्यांचे दिवे डावीकडे झुकून रस्त्याची कड बघतात. आपण उजवीकडून चालतो. मग तुझ्या डावीकडून कोण येतं? मी! नशीब, दरीकडच्या बाजूला नव्हतो."

एर्मेकने कपाळावर हात मारला. मग त्याची नजर हळूहळू खिडकीकडे वळली. कांद्यांकडे. माझ्याकडे. मी अशी काही चमकले, की बस्स!

दोनच दिवसांत जपानी दिवे टोपलीशेजारी आले आणि त्यांच्या उघडझाप चौकटीत आम्ही बहिणी बसलो. खर्रर्र, आणि मी वर! सापार बाइकेंनी नवा पुडा आणला, खास माझ्यासाठी. आता दिवसभर झाकणाखाली अंधारात बसावं लागतं. सरोवर दिसत नाही, सकाळ दिसत नाही. तरी बसते. मित्रांनो, हौस करा, नवं जरूर आणा. पण जुन्याला काढण्याआधी एकदा त्याच्या काचेत नीट बघा. तिथे तुमचंच तोंड दिसेल.

त्या संध्याकाळी माणसं पांगल्यावर बेगिमाई आली. दारात बाळाला खांद्यावर थोपटत जिल्दिझ उभी होती. पोरीने बाही पुढे केली नाही. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. ती नजर मी ओळखते. अख्खा वसंत मी तीच लावून बसले होते.

"तुला तुझी जागा परत मिळाली," ती म्हणाली. जिल्दिझचा थोपटणारा हात थांबला. "मला माझी कधी मिळणार?"