परतीचे तीन दिवस

तात्याबाने आपला शेवटचा मेंढा मोबाईलवरच्या लिलावात काढला, कारण मुलाच्या नव्या मोटारसायकलचा दिवा दुसऱ्यांदा फुटला होता. फोडला मेंढ्यानेच. सगळ्यात चढी बोली लागली दौंडच्या कुणा हौसरावाची. पैसे कुणामार्फत घ्यायचे हे विकणाऱ्यानं ठरवायचं होतं, त्यामुळे कवठे येमाईला तात्याबाच्या ओट्यावर दोन कंपन्यांचे एजंट हजर झाले आणि त्यांची तिथंच जुंपली.

"आबा, आमच्याकडं बटण दाबलं की पैसे खात्यात! वर कॅशबॅक," नारिंगी टीशर्टातला विक्रम म्हणाला.

"आमची कंपनी पैसे तीन दिवस धरून ठेवती," निळ्या ओढणीतली स्नेहल म्हणाली. "घेणाऱ्याला जनावर पटलं तरच सोडती. न्हाईतर जनावर परत."

विक्रम फिदीफिदी हसला. पण तात्याबाने जन्मभर बाजारात टॉवेलखाली बोटं धरून सौदे केलेले. बोटं धरली की कापणारा कोण, पाळणारा कोण, हे त्याला कळायचं. इथं बोटं कुठली?

"तीन दिवसांत मला त्याचं घर बघता यील?"

"बघा की. पण परत करायचा हक्क त्यांचा हाय, तुमचा न्हाई," स्नेहलनं खरं तेच सांगितलं.

"ते मी बघतो," म्हणत तात्याबाने निळी कंपनी घेतली. विक्रमचं तोंड इतकं उतरलं, की तात्याबाच्या बायकोने, अनसाबाईने, त्याला दोनदा चहा पाजला.

मेंढा टेम्पोने दौंडला गेला. त्यानंतर तिसऱ्या दिवशी तात्याबा एसटीने तिथं पोचला. हौसराव म्हणजे रेल्वेतून निवृत्त झालेला एकटा माणूस. तो मेंढ्यापुढं हवालदिल होऊन बसला होता.

"बरं झालं आलात, मामा. दोन दिवस चाऱ्याला तोंड लावंना बघा. पाचला मुदत संपती. माझ्या हातून मरायला नको, परतच करतो."

तात्याबाला आतून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. नुसतं गप्प बसायचं होतं. मग त्याने पाहिलं, मेंढ्याखाली गोधडी होती. वर टेबलफॅन चालू होता आणि हौसराव स्वतः घामाघूम होता.

"टोपल्यातलं खात न्हाई तो," तात्याबा बोलून गेला. "मका हातावर घ्या. आन् आधी एक दाणा तुम्ही खाऊन दावा."

हौसरावाने कडाकडा दाणा चावला. मेंढ्याने त्याचा तळहात हुंगला आणि चाटूनपुसून साफ केला. हौसरावाने हसत मोबाईलवर पसंतीचं बटण दाबलं.

तात्याबाच्या खिशातला फोन वाजला. त्याने तो काढला नाही. फाटकापाशी वळून त्याने मेंढ्याला नेहमीची हाळी दिली. मेंढा खात होता, त्याने मान वर केली नाही. तात्याबाला फार बरं वाटलं, आणि भर रस्त्यात रडू आलं.