कॅलिपरची बिजागरी

पिऊच्या पायाला आधार देणाऱ्या कॅलिपरची गुडघ्याजवळची बिजागरी तुटली, तशी करिष्मा तिला कडेवर घेऊन चामोर्शीला सादिकभाऊंच्या वर्कशॉपात आली. तसल्या स्टेनलेस स्टीलचा त्यांच्याकडे एकच तुकडा उरला होता. तो बिघडला, तर लेकीचं चालणं कितीतरी दिवस थांबणार होतं.

सादिकभाऊंनी मशीनच्या दोन कटरची धार नखावर घासून पाहिली. चकचकीत, दोन धारांचा त्यांनी परत ठेवला.

"हा ॲल्युमिनियम कापाचा. इथी नाई चालत."

चार धारांचा काळपट कार्बाइडचा कटर मशीनला लागला.

"हळूहळू चालवा हो, भाऊ," करिष्मा म्हणाली.

"लाड केले तर हे बिघडते, ताई. कटर नुसता घासला का स्टील अजून कडक होते, मंग कोनाच्या बापाले ऐकत नाई. त्याले सरळ चावाच लागते."

कटर आत शिरला. तिनं डोळे मिटले. आवाज मात्र एका सुरात चालू राहिला, तेव्हा तिनं पाहिलं. कटर थंड ठेवणाऱ्या दुधाळ पाण्याच्या धारेखाली सोनेरी कीस वळून वळून गळत होता, आणि त्या आडदांड तुकड्यातून बिजागरी आकार घेत होती. करिष्मा बघायला पुढे झुकली.

बिजागरी बसली. पिऊ उठून थेट दाराकडे निघाली. "हळू" करिष्माच्या ओठांवर आलं होतं; ती नुसती बघत राहिली.